विंचवाचे बिऱ्हाड

शाळेच्या वार्षिक अंकासाठी आम्ही काहीतरी लिहून द्यावे, आणि तेही आमच्या कोकणच्या पायी प्रवासाविषयी, असा संपादक मंडळातील विद्यार्थ्यांचा बरेच दिवस तगादा आहे. आम्ही जंजिऱ्याच्या तटाचे, हरिहरेश्वरच्या समुद्राचे व मालगुंड येथील केशवसुतांच्या घराचे सरस वर्णन करावे, अशी त्यांची अपेक्षा दिसते. परंतु खरे सांगावयाचे तर त्या चोवीस दिवसांत समुद्रापेक्षा आमचे लक्ष आमच्या पाठीकडेच अधिक होते. तेव्हा वाचकांनी रागावू नये. आम्ही लिहिणार आहोत ते पिशवीविषयी.

सन २०२३ च्या एप्रिलात उन्हाच्या तडाख्यामुळे शाळांस सुट्टी लवकर लागली. आमच्या शाळेतील भूगोलाचे शिक्षक, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेले तीन विद्यार्थी व आम्ही, अशा पाच जणांनी अलिबागेहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणपर्यंत पायी जावे असे ठरले. वैशाखात का कोणी चालतो, असे पुष्कळांनी विचारले. मास्तरांस सुट्टी वैशाखातच मिळते, याखेरीज दुसरे उत्तर आमच्यापाशी नव्हते. त्याच महिन्यात, १६ तारखेस, खारघर येथील एका समारंभात उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले होते. ते वृत्त आम्ही वाचले, हळहळलो, आणि पिशवी भरण्यास बसलो.

पिशवी भरणे हे काम वरवर हाताचे दिसते, परंतु वस्तुतः ते भीतीचे काम आहे. आमच्या पिशवीत जी जी वस्तू शिरली ती ‘असू द्यावी, लागली तर’ एवढ्याच शिफारशीवर शिरली. पाऊस आला तर म्हणून रेनकोट. रात्री गारठा पडला तर म्हणून चादर. कोणा प्रतिष्ठिताच्या घरी जाण्याचा प्रसंग आला तर म्हणून इस्तरीचा सदरा व विजार. औषधांचा पत्र्याचा डबा, मोठा टर्किश टॉवेल, उशीची हवा भरावयाची पिशवी, दोन जाड पुस्तके (प्रवासात ती उघडली जात नाहीत हा वीस वर्षांचा अनुभव असूनही), दाढीचे सगळे साहित्य, आणि मुलांच्या आईने आग्रहाने दिलेला लाडवांचा डबा. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर ती सॅक ठेवली तेव्हा काटा १४ किलोंवर थांबला. आमचे स्वतःचे वजन ६१. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा आम्ही पाठीवर घेऊन निघालो होतो. वाणी म्हणाला, “गुरुजी, दुकान काढताय का तिकडे?” आम्ही हसलो, परंतु एकही वस्तू काढली नाही.

अलिबाग ते मुरूड हा टप्पा अडीच दिवसांचा. पहिल्या दिवशी रेवदंड्यास पोचेतो खांद्यांवर पट्ट्यांचे तांबडे वळ उठले होते. कोकणच्या उन्हाचा स्वभाव घाटावरच्या मनुष्यास चटकन ध्यानात येत नाही. पारा पाहावा तर ३३ किंवा ३४ अंश. विदर्भात याला कोणी ऊन म्हणणार नाही. परंतु हवेत ओल इतकी की अंगावरचा घाम वाळतच नाही, आणि घाम वाळल्यावाचून अंग निवत नाही. तो नुसता वाहतो आणि शरीरातले पाणी व मीठ घेऊन जातो. त्यातून सॅक पाठीस चिकटून बसलेली. तिच्या व पाठीच्या मध्ये वाऱ्याची झुळूक शिरण्यास जागा नाही. दुसऱ्या दिवशी काशीदच्या वाळूतून चालताना पाठीवर घामोळे उठले, आणि विद्यार्थ्यांच्या जीनच्या विजारी घामाने भिजून अशा जड झाल्या की त्यांच्या मांड्या सोलवटून निघाल्या. भूगोलमास्तर मात्र पुढे शीळ घालीत चालले होते. त्यांच्या खांद्यावर एक खादीची पिशवी व हातात काळी छत्री, एवढेच. आमचा असा समज होता की त्यांचे उरलेले सामान मागाहून मोटारीने येणार आहे.

मुरूडला एका ओळखीच्या घराच्या पडवीत आम्ही उतरलो. त्या रात्री जेवणे झाल्यावर पाचही जणांनी आपापले सामान सारवलेल्या जमिनीवर ओतले, आणि मास्तरांनी न्यायाधीशाप्रमाणे एकेक वस्तू उचलून विचारण्यास आरंभ केला, “गेल्या तीन दिवसांत हिला हात लावलात काय?” बहुतेक वस्तूंचे उत्तर नकारार्थी आले. टर्किश टॉवेल एकदा भिजला की कोकणात दोन दिवस वाळत नाही. तो गेला आणि त्याच्या जागी गावच्या दुकानातून घेतलेले पातळ पंचे आले. पंचा म्हणजे अंग पुसण्यास, डोक्यास गुंडाळण्यास, ओला करून मानेवर टाकण्यास, रात्री पांघरण्यास आणि वेळप्रसंगी आंबे बांधून आणण्यास. असे एकच वस्त्र पाच कामे करते. रेनकोट गेला, कारण उन्हातही उपयोगी पडेल अशी छत्री त्याहून शहाणी. कपड्यांचे तीन जोड होते त्यांतला एक गेला. एक अंगावर आणि एक सॅकवर वाळत, हा नियम ठरला: संध्याकाळी विहिरीवर साबणाच्या चिपेने धुवावा, पिळून पंचात गुंडाळून पुन्हा पिळावा, सकाळपर्यंत जो ओलसर राहील तो चालता चालता पाठीवर सुकतो. जीनच्या विजारी गेल्या, लाडू त्याच रात्री संपले, पुस्तके गेली. औषधांच्या डब्यातला डबा गेला व औषधे एका लहान पिशवीत आली.

मास्तरांच्या खादीच्या पिशवीतून मात्र एक नवल निघाले: एक पितळी लोटा आणि गुंडाळलेली सुताची दोरी. पूर्वीचा वाटसरू लोटा-दोरी घेतल्यावाचून घराबाहेर पडत नसे, हे आम्ही पुस्तकांत वाचले होते. दोरी प्रत्यक्ष पाहिली ती त्या रात्री. विद्यार्थ्यांस त्याचे हसू आले. आम्हांसही आले, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गाठोडी शिवून ती मुरूडच्या टपाल कचेरीतून आमच्या घरच्या पत्त्यावर पाठविली. आमची सॅक ६ किलोंवर आली. आगरदांड्याहून दिघीस जाणाऱ्या फेरीबोटीवर आम्ही अशा ऐटीने उभे राहिलो की जणू आठ किलो वजन आमच्या पाठीवरचे नव्हे, आमच्या वयातले कमी झाले आहे.

येथवर सर्व ठीक होते. परंतु ओझे कमी करण्याचा आनंद हा एक प्रकारचा कैफ आहे, आणि तो आम्हांस चढला. श्रीवर्धनास आम्ही दात घासण्याच्या कुंचल्याची दांडी अर्धी कापली. वेसवीस साबणाचे दोन तुकडे करून एक एका मुलास देऊन टाकला. सायंकाळच्या वेळी आम्ही विद्यार्थ्यांस एमा गेटवुड या अमेरिकन आजीबाईंची गोष्ट मोठ्या रंगाने सांगत असू. अकरा लेकरांची ही आई सन १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, पायांत साधे कॅनव्हासचे बूट व खांद्यावर घरी शिवलेली एक पिशवी एवढ्या सामग्रीनिशी अ‍ॅपलॅचियन डोंगरवाट चालून गेली. ती वाट त्या काळी सुमारे ३,३०० किलोमीटर होती. पावसासाठी तिच्याजवळ न्हाणीघराचा पडदा होता, तंबूही नव्हता. ‘आणि तुम्हांला कोकणात चार विजारी लागतात!’ असा आमचा समारोप असे. एका रविवारी सकाळी तर आम्ही मत्तयाच्या शुभवर्तमानातील दहावा अध्याय वाचून दाखविला. त्यात बारा शिष्यांस वाटेसाठी झोळी किंवा दुसरा अंगरखा न घेण्याची आज्ञा आहे. तेवढे वाचून आम्ही पुस्तक मिटले. मास्तर काहीतरी बोलणार होते, परंतु चहा आला.

आता मुरूडची एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे. ती आम्ही मागे टाकीत आलो, कारण ती सांगण्यास जड जाते.

तिघा विद्यार्थ्यांतला जो अंगाने सर्वांत किरकोळ, त्याच्या सॅकमध्ये पाण्याच्या दोन पोलादी बाटल्या होत्या. दोहींनाही त्याच्या आईने जाड फडक्याची खोळ शिवून दिली होती. खोळ भिजवून ठेवली म्हणजे आतले पाणी बराच वेळ गार राहते. आम्ही त्यांतली एक उचलून हातात तोलली. रिकामी असूनही चांगली जड होती. “कोकणात विहिरींस काय तोटा?” आम्ही म्हणालो. “एक लिटर प्रत्येकी, याहून थेंबभर अधिक नको. पाणी हे सर्वांत जड सामान आहे. प्रत्येक लिटरला एक किलो!” मास्तरांनी हळूच सुचविले की रत्नागिरीच्या पुढे सडे लागतील, त्यांचा विचार करावा. आम्ही म्हणालो, तेव्हाचे तेव्हा पाहू. मुलगा बाटलीकडे पाहत राहिला, परंतु सर म्हणतात म्हटल्यावर तो काय बोलणार? ती बाटली गाठोड्यात गेली.

ज्यांनी कोकण केवळ मोटारीच्या खिडकीतून पाहिले आहे त्यांस सडा म्हणजे काय हे सांगितले पाहिजे. नारळी-पोफळींच्या बागा, विहिरी आणि वस्ती ही सर्व खाली, खाडीच्या व समुद्राच्या काठी. तेथून चढण चढून वर यावे तो एकदम उघडे माळरान लागते. पायांखाली काळा पडलेला जांभा दगड, त्यावर मातीचा पातळ पापुद्रा, कोठे वाळलेले गवत. पावसाळ्यात हाच सडा फुलांनी भरतो. वैशाखात त्यावर सावली म्हणून नाही, आणि जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे सारे पाणी मुरून खाली गेलेले असते. विहीर आहे, परंतु ती आपण ज्या गावातून वर आलो तेथे, किंवा ज्या गावात उतरणार तेथे. याच सड्यांवर प्राचीन मनुष्यांनी कोरलेली कातळशिल्पे आहेत; सन २०२२ मध्ये त्यांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत झाला. राजापूर तालुक्यातील कशेळी येथे कातळात कोरलेला एक प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या पोटात अनेक लहान लहान प्राण्यांच्या आकृती आहेत. तो पाहिल्यावाचून पुढे जावयाचे नाही, असा विद्यार्थ्यांचा हट्ट होता, आणि तो योग्यच होता.

सकाळी निघण्यास आम्हांस उशीर झाला. वाटेत एकाने दाखविलेली आडवाट धरली आणि चुकलो. अकरा वाजता तिघांच्या बाटल्या कोरड्या होत्या. हत्ती सापडला तेव्हा बारा वाजून गेले होते. त्या शिल्पाविषयी आम्हांस आज काहीही आठवत नाही. आठवते ते इतकेच की दोन विद्यार्थी त्याच्या सोंडेपासून शेपटीपर्यंत पावले मोजीत होते आणि तो तिसरा खाली बसला होता. उन्हात, तापलेल्या दगडावर, उठून सावली शोधण्याची इच्छाही नसल्यासारखा.

आम्ही विचारले, डोके दुखते काय? तो म्हणाला, “नाही सर.” मग ओकला. त्याचे अंग चिकट व चेहरा पांढुरका पडला होता, पोटऱ्यांत गोळे आले होते. शाळेचे नाव विचारले ते त्याने सांगितले, परंतु इतक्या वेळाने की मास्तरांनी आमच्याकडे पाहिले. मास्तरांनी छत्री उघडली, आम्ही आमची उघडली, आणि दोन छत्र्यांच्या त्या टीचभर सावलीत त्याला निजवून पाय सॅकवर उंच ठेवले. पंचा भिजवून अंगावर घालावा तर भिजविण्यास पाणी कोठे? पाचही बाटल्या उपड्या करून जे जमले ते लोट्याच्या तळाशी बोटभरसुद्धा नव्हते. ते त्याच्या ओठांस लावले. आमच्याजवळ साखर होती, मीठ होते, औषधांच्या पिशवीत जलसंजीवनीची पुडी होती. सर्व काही होते. सहा किलोंच्या सॅकमध्ये काय काय मावते याचा आम्हांस मोठा अभिमान होता.

मास्तर दोघां मुलांस घेऊन पाण्याच्या शोधात निघाले. आम्ही त्याच्यापाशी बसलो. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. घड्याळ सांगते की वीस मिनिटे. त्या वीस मिनिटांत आम्ही प्रार्थना केली असे लिहावयास हवे, परंतु आमच्या मनात सारखा हिशेबच चालला होता: एक बाटली, एक लिटर, एक किलो.

पाणी आले ते मास्तरांकडून नव्हे. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी बाई सड्यावरून उतरत होती. आम्ही हाक मारली. तिने मोळी टाकली, आणि कमरेच्या ओट्यातून मळकट प्लॅस्टिकची एक बाटली काढली. ती अर्ध्याहून अधिक भरलेली होती. स्वतः घोटभरही न घेता तिने ती आमच्या हाती दिली. आम्ही त्यात पुडीतले थोडेसे टाकून मुलास घोट घोट पाजले; एकदम दिले असते तर पुन्हा ओकला असता. उरलेले ओंजळभर पाणी पंचावर ओतून तो त्याच्या मानेस व काखांत लावला. बाई उभी राहून पाहत होती. मग म्हणाली, “सड्यावर कोनी बिनपान्याचा येतो काय?” तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसते आश्चर्य होते. तिचे नाव विचारण्याचेही आम्हांस सुचले नाही. मास्तर लोटा-दोरी व दोन भरलेल्या बाटल्या घेऊन परत आले तेव्हा ती मोळी उचलून निघून गेली होती. खाली एका बागेत त्यांस खोल विहीर सापडली होती. रहाट मोडलेला, पंप बंद, माणूस नाही. दोरीने पाणी निघाले.

ऊन उतरल्यावर त्याला आधार देत खाली आणले. आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी तपासून सांगितले की हा अद्यापि उष्माघात नव्हे, त्याच्या अलीकडची पायरी आहे. परंतु अलीकडची पायरी व पलीकडची यांत कधी कधी अर्ध्या तासाचे अंतर असते. पुडी संपली तर घरीही करता येते, असे सांगून त्यांनी मुलांकडून प्रमाण पाठ करून घेतले: एक लिटर पाणी, साखर सहा सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धा चमचा. रात्री मुलगा भात व ताक जेवला आणि हत्तीची छायाचित्रे पाहून हसला. आम्ही पडवीत आलो. मास्तर शेजारी येऊन बसले व पुष्कळ वेळाने म्हणाले, “त्या रविवारी सांगणार होतो. तुम्ही तो अध्याय अर्धाच वाचलात. त्याचा शेवट गार पाण्याच्या पेल्यावर आहे.” आम्हांस तो शेवट पाठ होता. लहानांतल्या एकास पाजलेल्या पेल्याविषयी आहे तो. वीस वर्षे आम्ही तो शिकवीत आलो आहो. आणि गेटवुड आजीबाईंची वाटही दाट वनराईतली, ठायी ठायी झरे असलेली. हे आम्ही मुलांस सांगितले नव्हते, कारण ते आमच्या मनातच आले नव्हते.

त्याच रात्री मुलाच्या घरी दूरध्वनी केला. झाले ते सर्व आईस सांगितले. बाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, “सर, त्याची दुसरी बाटली वाटेत फुटली का हो?”

आम्ही “नाही” म्हणालो, आणि मुरूडचीही हकीकत सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. मुलास परत पाठवू काय, असे आम्ही विचारले. त्यांनी त्यालाच विचारा म्हटले. तो यावयास तयार नव्हता.

दोन दिवस विश्रांती घेऊन आम्ही पुढे निघालो. राजापुरात आणखी बाटल्या घेतल्या; प्रत्येकी तीन लिटर, मग विहिरी असोत वा नसोत. पहाटे निघताना सॅक नऊ किलोंची असे, आणि दिवस चढेल तशी हलकी होई. दहा वाजता चालणे बंद, चार वाजता पुन्हा सुरू. मुलांनी आपण होऊन साबण, आरसा, पत्त्यांचा जोड असले काय काय आणखी काढून टाकले. विजयदुर्गच्या तटावर बसलो असता मास्तरांनी वरसईच्या विष्णुभट गोडशांची गोष्ट सांगितली. पेण तालुक्यातील हा भिक्षुक १८५७ साली द्रव्य मिळवावे म्हणून पायी उत्तरेस गेला, आणि बंडाच्या धामधुमीत सापडला. त्याने लिहून ठेवलेला ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. वाटेत त्याला पुन्हा पुन्हा लुटले. मिळविलेले बहुतेक सारे गेले. परंतु आईबापांस स्नान घालावे म्हणून त्याने गंगेचे पाणी कावडीतून खांद्यावर वाहत कोकणात आणले. एवढ्या लांबून, एवढे जड ओझे! धाकट्या विद्यार्थ्याने विचारले, “सर, किती लिटर असेल?” त्याचे उत्तर आम्हांपैकी कोणासही देता आले नाही.

मालवणास आम्ही १८ मे रोजी पोचलो. परत घरी आलो तेव्हा ती दोन गाठोडी ओसरीवर तशीच शिवलेली पडली होती. कोणी उघडलीही नव्हती, कारण त्यांतली एकही वस्तू कोणास लागली नव्हती. सदरा, चादर, उशी, पुस्तके काढता काढता ती बाटली हाती लागली. ती आम्ही स्वतः जाऊन त्याच्या घरी दिली. तिच्या खोळीवर आईने लाल दोऱ्याने त्याचे नाव घातले होते. मुरूडला दिव्याच्या उजेडात ते आम्ही पाहिले नव्हते.